झ्युरिकच्या सरोवरातली साडेतीन हजार वर्षांची वाट

झ्युरिकचं सरोवर नकाशात केळ्यासारखं लांबट आणि बाकदार दिसतं. त्याची कमाल खोली 136 मीटर. पण राप्पर्सव्हिल हे शहर आणि हुर्डेन हे छोटं गाव यांच्या मधे ते एकदम अरुंद होतं, उथळही होतं. ही करणी हिमयुगातल्या लिंथ हिमनदीची. मागे हटताना तिने दगडमातीची रास इथेच सोडली आणि त्या राशीची चिंचोळी जीभ पाण्यात शिरून राहिली. हुर्डेन वसलंय ते तिच्यावरच. निसर्गाने काम अर्ध्यावर टाकलं. पुढचं माणसांनी केलं, तेही अनेकदा.

सर्वांत जुना पुरावा पाण्याखाली आहे. गाळात रुतलेल्या लाकडाला हवा लागत नाही, म्हणून ते हजारो वर्षं टिकतं. खोडातली वाढीची वलयं मोजली की झाड कधी तोडलं हेही कळतं. इथे सापडलेल्या खांबांवरून पहिला पूल इ.स.पू. 1523 च्या सुमाराचा ठरला. त्यानंतर थेट रोमन काळापर्यंत इथे पुन्हा पुन्हा पूल उभे राहिले. आल्प्सच्या परिसरातल्या सहा देशांमधल्या 111 प्रागैतिहासिक वस्त्यांना 2011 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ही जागाही आहे.

पुढे कित्येक शतकं भिस्त होडीवर होती. ती संपली राजकारणामुळे. 1350 मध्ये झ्युरिकचा महापौर रुडॉल्फ ब्रून याने राप्पर्सव्हिल बेचिराख केलं. मग राप्पर्सव्हिल हाब्सबुर्ग घराण्याच्या ऑस्ट्रियन शाखेकडे आलं आणि ऑस्ट्रियाचा ड्यूक चौथा रुडॉल्फ याने 1358 ते 1360 दरम्यान सरोवरावर लाकडी पूल बांधला. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, नुसत्या मांडलेल्या होत्या. वादळात फळ्या हलल्या तरी चालतील, सांगाडा वाचला पाहिजे, असा हिशेब. बांधणाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच. चालणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येत असणार!

चालणाऱ्यांत यात्रेकरू बरेच. पलीकडे आइन्झीडेल्नच्या मठात काळ्या मेरीमातेची मूर्ती आहे; तिच्या दर्शनाला दक्षिण जर्मनीतून माणसं येत. स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी वाटही इथूनच जाते. यात्रेकरूंसाठी 1551 मध्ये पुलालगत एक इवलंसं प्रार्थनामंदिर बांधलं गेलं.

लाकडी पुलाची सद्दी रेल्वेने संपवली. 1878 मध्ये दगडी भराव आणि छोटे पूल यांचा ‘झेडाम’ तयार झाला. त्यावरून रूळही गेले आणि रस्ताही. जुना पूल काढून टाकला. ते मंदिर तेवढं पाण्यात एकटं उरलं. भरावावरचा रस्ता हळूहळू मोटारींच्या ताब्यात गेला. सरोवराच्या दोन्ही काठांना जोडणारा हा जवळचा मार्ग असल्याने वाहनांची रीघ काही संपत नाही. पायी जाणाऱ्याला यात्रेची शांतता कुठून मिळणार?

ती सोय 2001 मध्ये झाली. भरावाला समांतर, पण त्यापासून थोडा दूर, 841 मीटर लांबीचा लाकडी पादचारी पूल खुला झाला. ओकचे 233 खांब त्याला पेलतात. फळ्या या वेळी पक्क्या बसवलेल्या आहेत. 1551 चं मंदिरही त्याच पुलावर येतं, त्यामुळे आइन्झीडेल्नला पायी निघालेल्यांना तिथे पुन्हा थांबता येतं.