तलवाड्याहून पीएचडीची वाट

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या पदवीधराला संशोधन करायचे, तर विषयागणिक गाव बदलते. शिक्षणशास्त्र किंवा रसायनशास्त्र असेल तर छत्रपती संभाजीनगरचे, १९५८ साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ. कपाशीवरची बोंडअळी असेल तर परभणीचे कृषी विद्यापीठ. अभियांत्रिकीसाठी थेट कोकणातले लोणेरे. एमडीचा विद्यार्थी जिल्ह्यातच, अंबाजोगाईला शिकला, तरी त्याचा प्रबंध नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जातो.

मुदत? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ वर्षे. त्याच नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. बरेच झाले, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे त्यावर चांगलेच फावले होते.

देशभरातल्या विद्यापीठांचे हजारो प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, अगदी तलवाड्यात बसून मोबाइलवरही.