‘पेझंट’ म्हणजे कोण?

कोशात ‘पेझंट’पुढे शेतकरी लिहिलेलं सापडतं आणि ‘फार्मर’पुढेही शेतकरीच. भाषांतर करणारा फसतो तो इथेच. अमेरिकेत हजार एकर मका लावणाऱ्याला कोणी पेझंट म्हणत नाही. पेझंट म्हणजे घरच्या माणसांना घेऊन जमिनीचा तुकडा कसणारा, आधी पोटापुरतं ठेवू पाहणारा, आणि खंड, सारा, व्याज यांपायी कायम कुणाचं तरी देणं लागणारा. एरिक वुल्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली ‘पेझंट्स’ नावाचं छोटेखानी पुस्तक लिहिलं, त्यात भर आहे तो या देण्यावर. गरिबी नुसती नव्हे. पिकलेल्या धान्यावर दुसऱ्याचा हक्क, ही खरी खूण.

शब्द मूळचा फ्रेंच. ‘पेई’ म्हणजे मुलूख. मुलखात राहतो तो पेझंट. आपल्याकडे ‘गाव’चा ‘गावंढळ’ झाला, तशीच याचीही गत झाली. शेक्सपिअरचा हॅम्लेट स्वतःच्या नाकर्तेपणावर चिडतो तेव्हा स्वतःला हीच शिवी देतो. आजही जेवताना कुणी रीत सोडून वागला की इंग्रज मित्र त्याला थट्टेने ‘पेझंट’ म्हणतो.

त्याचे भाऊबंदही सुटलेले नाहीत. डच भाषेत ‘बूर’ म्हणजे शेतकरी. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढलेले बोअर ते हेच. इंग्रजीत मात्र ‘बूर’ म्हणजे असभ्य माणूस. आणि ‘व्हिलन’? जमीनदाराच्या शेतवाडीला, म्हणजे ‘व्हिला’ला, जखडलेलं कूळ! ‘सामना’त निळू फुल्यांनी रंगवलेला हिंदुराव धोंडे पाटील हा आपला अस्सल व्हिलन, शब्दाचा पहिला धनी मात्र अशांच्या शेतावर राबणारा होता. लेखणी वाड्यातल्यांच्या हाती असली की शब्दांचं असंच होतं.

‘फार्मर’ची कुळकथा निराळी. ठरावीक रक्कम भरून वसुलीचा मक्ता घेणारा, तो जुना फार्मर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जात. इंग्रज अधिकारी त्याला ‘फार्मिंग’ म्हणतात, आणि तिथे नांगराचा काडीचा संबंध नसतो. जुनी इंग्रजी दप्तरं चाळणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आपल्या कुणब्याला त्या दप्तरांत बहुधा ‘रयत’ किंवा ‘कल्टिव्हेटर’ म्हटलेलं आढळतं. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं काढून जाळली. त्या दंग्यांनंतर १८७९ साली जो कायदा झाला, त्याच्या नावात ‘ॲग्रिकल्चरिस्ट’ बसवला. व्याजात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला इतकं भारदस्त नाव! पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास शेतकरी कामगार पक्ष निघाला, त्याने आपल्या इंग्रजी नावात ‘पेझंट्स’ घेतला. डाव्या चळवळीत तोवर या शब्दाची शिवी पुसली गेली होती.

आता तो कायद्याच्या भाषेतही आला आहे. १७ डिसेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पेझंटांच्या हक्कांचा जाहीरनामा १२१ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केला. ५४ देश तटस्थ राहिले. विरोधातल्या आठांत अमेरिका होती, आणि ब्रिटनही.