देव नाही, इथून सुरुवात

फादर व्हायच्या शिक्षणातल्या थिऑलॉजीच्या चार वर्षांत आज शिरायचं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण वसईच्या एका वाचकाच्या पत्राने मला अडवलंय. त्यांचा भाचा पुण्याच्या सेमिनरीत आहे. ते विचारतात, ‘फादर व्हायला निघालेल्या पोराला एवढी वर्षं फिलॉसॉफी कशाला? आणि त्यात शंकराचार्य?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कॅनन लॉचाच, म्हणजे चर्चच्या कायद्याचाच, नियम आहे : किमान दोन वर्षं फिलॉसॉफी, मग चार थिऑलॉजी. पण त्या वर्गात चालतं काय, ते थॉमस अ‍ॅक्वायनसचं एखादं पान उघडल्याशिवाय कळायचं नाही. त्याच्या ‘सुम्मा’ या ग्रंथातला दुसरा प्रश्न, तिसरं कलम : देव आहे का? थॉमस आधी देव नसल्याच्या बाजूने बोलतो. देव जर अमर्याद चांगला, तर जगात वाईट उरलंच कसं? आणि निसर्ग व माणसाची इच्छा यांनी सगळ्याचा उलगडा होत असेल, तर देव मानायची गरजच काय? दोन्ही आक्षेप नीट मांडून झाल्यावर मग देव सिद्ध करायचे त्याचे ते प्रसिद्ध पाच मार्ग, आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर. आपल्याकडच्या भाष्यांतला पूर्वपक्ष आणि सिद्धांत आठवला ना? सेमिनरीत शिकणाऱ्या ब्रदरांनाही आठवतो, म्हणून शंकराचार्य त्यांना परके वाटत नाहीत.

लिओ तेराव्याने 1879 साली थॉमसला अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणलं. त्याच पोपने 1893 मध्ये कँडीला पेपल सेमिनरी काढली. ती 1955 मध्ये पुण्याला नगर रोडवर आली. पुण्यातच डी नोबिली कॉलेजात रिचर्ड डी स्मेट हे बेल्जियन जेझुइट शिकवत. शंकराचार्यांच्या पद्धतीवर त्यांनी 1953 मध्ये रोमला प्रबंध दिला होता. त्यांचा मुद्दा मला फार आवडतो : आचार्य निव्वळ तर्काने चालणारे तत्त्वज्ञ नव्हेत, ते श्रुतीचे भाष्यकार. ब्रह्मसूत्रांतल्या दुसऱ्याच सूत्रावरचं भाष्य बघा. जगावरून अनुमान करून ईश्वर सिद्ध करणारे तिथे हजर आहेत. आचार्य त्यांना बाजूला सारतात. सूत्रं आहेत ती उपनिषदांची वाक्यं ओवायला. अनुमानाने श्रुतीच्या विरोधात न जाता तिला हातभार लावावा, एवढंच.

म्हणजे गंमत बघा. देव तर्काने सिद्ध करायला बसलाय तो तेराव्या शतकातला इटालियन डॉमिनिकन, आणि आधी शास्त्र म्हणताहेत ते आपले आचार्य! डी स्मेट बरोबर असतील, तर आचार्यांची जागा फिलॉसॉफीत नाही, थिऑलॉजीच्या वर्गात आहे. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी त्यांना फिलॉसॉफीच्या वर्षांत बसवलं ते सोयीसाठी, असं माझं मत. भाच्याला विचारा, तो वाद घालील. घालायलाच हवा, त्यासाठीच तर ही वर्षं.

पुढच्या वेळी नक्की थिऑलॉजी. कन्फेशन ऐकायची तालीम कशी घेतात, तेही तेव्हाच.