जुन्या घराचं दोन झडपांचं दार बदलताय? आधी ओपनिंगचं गणित समजून घ्या

बाजारात तयार मिळणारी दारं साधारण ३०, ३२ किंवा ३६ इंच रुंद आणि ७८ ते ८४ इंच उंच असतात. फ्लॅटसाठी हे ठीक आहे. पण कोकणातल्या जांभ्याच्या घराचं किंवा देशावरच्या वाड्याचं पुढचं दार घ्या. ते दोन झडपांचं असतं आणि त्याचं माप कुठल्याच कॅटलॉगमध्ये बसत नाही, कारण सुताराने ते जागेवर, त्या भिंतीसाठी केलेलं असतं.

आमच्या राजापूर तालुक्यातल्या घराचं असंच एक दार गेल्या वर्षी बदललं. वाळवीने चौकट खालून पोखरली होती आणि पावसाळ्यात झडपा फुगून कडी लागत नव्हती. त्यातच आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि व्हीलचेअर आली. म्हणजे दार नुसतं बंद होऊन भागणार नव्हतं, त्यातून खुर्ची आत-बाहेर व्हायला हवी होती. त्या निमित्ताने जे गणित मांडलं, तेच इथे देतोय.

माप कसं घ्यायचं?

पहिला नियम: सगळं मिलीमीटरमध्ये लिहा. सुतार इंच-सूत बोलतो, दुकानदार फुटात बोलतो आणि लॉकच्या माहितीपत्रकात मिमी असतात. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, हे रूपांतर एकदाच आणि एकाच माणसाने करावं.

फोनच्या कॅमेऱ्याने माप देणारी ॲप्स अंदाजासाठी ठीक आहेत, पण त्यात सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. लेझर मीटर साधारण २ मिमीपर्यंत अचूक असतो. साधी स्टीलची टेपही चालते.

रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. उंची डावीकडे आणि उजवीकडे मोजा. मग दोन्ही कर्ण मोजा. आमची जुनी चौकट काढल्यावरची मापं अशी होती:

- रुंदी: वर १३६२, मध्ये १३५८, खाली १३५५
- उंची: डावीकडे २०१०, उजवीकडे २०१६
- कर्ण: २४३४ आणि २४१९

बहुतेक जण सांगतात की सर्वांत कमी रुंदी धरा आणि त्यातून फट वजा करा. म्हणजे १३५५. पण इथेच गोची आहे. कर्णांमध्ये १५ मिमीचा फरक म्हणजे ओपनिंग काटकोनात नाही, एका बाजूला कललेलं आहे. ओळंबा सोडून पाहिलं तर डावी बाजू वरच्या टोकाला १० मिमी आत आली होती आणि उजवी बाजू वर तेवढीच नाही, तर १७ मिमी बाहेर गेली होती. चौकट मात्र ओळंब्यातच बसली पाहिजे, नाहीतर दार आपोआप उघडतं किंवा मिटतं. त्यामुळे खरी उपयोगी रुंदी म्हणजे डावीकडचा सर्वांत आत आलेला बिंदू आणि उजवीकडचा सर्वांत आत आलेला बिंदू यांच्यातलं आडवं अंतर. आमच्याकडे ते १३५५ - १० = १३४५ मिमी आलं. १३५५ धरून चौकट घट्ट मापाची केली असती तर ती ओळंब्यात बसलीच नसती.

या १३४५ मधून पाचर आणि मसाल्यासाठी दोन्हीकडे १० मिमी सोडले. चौकटीचं बाहेरचं माप १३२५ ठरलं.

तीन पर्याय

*१. ओपनिंग बदलणं.* भिंत कापून प्रमाण माप करणं. यात दाराच्या वरची तुळई बघावी लागते. ती दोन्हीकडे भिंतीवर किमान १५० मिमी टेकलेली हवी. रुंदी वाढवली की हा टेकू कमी होतो. आमच्या जुन्या लाकडी तुळईला तेवढा वाव नव्हता. तुमच्याकडे शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक चिराही हलवू नका.

*२. तयार दार आणि बाजूला फिक्स पट्टी.* ३६ इंची दार बसवून उरलेली जागा लाकडाने किंवा काचेने भरायची. खर्च कमी होतो, पण मोठं कपाट किंवा पलंग न्यायची वेळ आली की ती पट्टी उघडत नाही.

*३. मापाने करून घेणं.* आम्ही हेच केलं.

दोन झडपा सारख्याच हव्यात का?

चौकटीचा प्रत्येक खांब ६५ मिमी, म्हणजे आतली मोकळी रुंदी १३२५ - १३० = ११९५ मिमी. दोन सारख्या झडपा केल्या तर एक उघडल्यावर, झडपेची जाडी वजा जाता, जेमतेम ५६० मिमी वाट मिळते. आजीची खुर्ची ६५० मिमी रुंद. म्हणजे दर वेळी दोन्ही झडपा उघडायच्या, वरखाली खिट्ट्या काढायच्या. आजी एकटी असताना हे जमणं शक्य नाही.

म्हणून एक झडप साधारण ८५० आणि दुसरी ३४५ अशी विभागणी केली. रोजची मोठी झडप उघडली की ८०० मिमीच्या वर वाट मिळते. सणावाराला किंवा सामान नेताना दुसरीही उघडायची. काकांना जुन्या घराचं दार असं दीड झडपेचं दिसणं पटलं नव्हतं, पण खुर्ची मध्ये ठेवून टेपने दाखवल्यावर विषय संपला.

उंबरठ्याचा प्रश्न जास्त नाजूक होता. जुना १०० मिमी उंच होता. उताराचं १ ला १२ हे प्रमाण धरलं तर त्यासाठी १.२ मीटर लांब उतार लागतो, तोही दोन्ही बाजूंनी. उंबऱ्याला रोज हळदकुंकू लावणाऱ्या बाईला तो काढूया म्हणायचं कसं? शेवटी आजीच म्हणाली, "पट्टी ठेवा बारीकशी, मी तिलाच लावीन." आता तिथे १२ मिमीची सागवानी पट्टी आहे. पुढे पडवी असल्याने पावसाचं पाणी तिथवर येत नाही. तुमचं दार उघड्यावर असेल तर पाण्याचा विचार वेगळा करावा लागेल.

एक काळजी घ्या: खालचा आडवा भाग नसलेली चौकट बसवताना पाय आत झुकतात. मसाला वाळेपर्यंत खाली, मध्ये आणि वर एकाच मापाच्या आडव्या पट्ट्या ठोकून ठेवा.

कुठलं मटेरियल?

लाकूड फुगतं ते रेषेच्या आडव्या दिशेने, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून सलग फळ्यांच्या झडपेपेक्षा चौकटीत दिलहे बसवलेली झडप पावसाळ्यात कमी त्रास देते. दिलहे खाचेत सैल असावेत. पॉलिश किंवा रंग झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडांनाही लावा, कारण लाकूड तिथूनच सर्वांत जास्त पाणी पितं.

डब्ल्यूपीसीला वाळवी लागत नाही, पण ते जड असतं, बिजागऱ्या जास्त लागतात. पत्र्याचं दार खाऱ्या हवेत कापलेल्या कडांपासून गंजायला लागतं. फ्लश डोअर घेणार असाल तर बाहेरच्या दारासाठी बीडब्ल्यूपी ग्रेडच मागा.

स्मार्ट लॉक लावायचं असेल तर

दोन झडपांच्या दारात लॉक मोठ्या झडपेत आणि त्याचा खटका लहान झडपेत जातो. म्हणजे लॉक कितीही महाग असलं तरी खरी मजबुती लहान झडपेच्या वरखालच्या खिट्ट्यांवर अवलंबून असते. त्या लांब आणि चौकटीत व जमिनीत खोल जाणाऱ्या घ्या.

दोन झडपा जिथे एकमेकींवर चढतात तिथे खाच असते. साध्या लॉकची पट्टी त्या खाचेत बसत नाही, त्यासाठी वेगळा भाग लागतो. म्हणून लॉक आधी निवडा, त्याचा कागदी नमुना सुताराला द्या, मग झडप करायला सांगा. स्पेक नंतर आणि कोड आधी, असं केल्यावर काय होतं ते आमच्या क्षेत्रात रोज दिसतं. बॅटरी संपली तरी उघडता यावं म्हणून साधी किल्ली असलेलंच मॉडेल घ्या.

सुताराला ऑर्डर देताना एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या: चौकटीचं बाहेरचं माप, दोन्ही झडपांची रुंदी, उघडण्याची दिशा आणि लॉकचा नमुना. आणि हे सगळं ठरवण्याआधी त्या दारातून रोज कोण ये-जा करणार आहे, हे विचारा. आमच्या दाराचं माप त्या एका उत्तरावरूनच ठरलं.