पुनक विषयाची चतुःसीमा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडत्याच्या पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाशेजारी गाव असतं. मग माल, नग, वजन, भाव आणि खाली हमाली-तोलाईची वजावट. गावं म्हणजे थेऊर, उरुळी, डाळिंब. राजाचं नाव नसलेल्या या पट्ट्या बघताना मला राष्ट्रकूटांचे ताम्रपट आठवतात. तिथे राजाची स्तुती भरपूर. पण कामाचा मजकूर असतो तो चतुःसीमेचा.

कैलास लेणं कोरवणारा पहिला कृष्ण, त्याच्या काळचे हे पट. पुण्याचा मुलूख त्यांत ‘विषय’ म्हणून येतो, हाच पुनक विषय. विषय म्हणजे साधारण आजचा जिल्हा. शके 680च्या, म्हणजे इ.स. 758च्या ताम्रपटात बोपखेल गाव दान दिलंय. पूर्वेला कळस, दक्षिणेला मुळा, पश्चिमेला दर्पपूडिका, उत्तरेला भेसौरी. शेवटची दोन म्हणजे दापोडी आणि भोसरी. आजचा नकाशा उघडा, चारही दिशा जुळतात. 768चा तळेगावचा पट याहून लांबलचक. गंग राजांवर स्वारीला गेलेला कृष्ण तेव्हा कर्नाटकात मण्णे इथे तळ ठोकून होता. सूर्यग्रहणाचं निमित्त साधून त्याने तिथून पुण्याकडची जमीन दिली. या पटात थेऊर आहे, आळंदीही आहे. पण ती ज्ञानोबांची नव्हे, सोलापूर रस्त्याकडची चोराची आळंदी, असं अभ्यासक मानतात.

एस्टोनियातले जुने प्रांत आपल्याला कसे कळले, ते याच्या शेजारी ठेवून बघावं. सक्काला, उगांडी हे टोळ्यांचे मुलूख. त्यांवर एक राजा असा नव्हताच. त्यांची हकीगत लिहिली ती तेराव्या शतकात जर्मन धर्मयोद्ध्यांच्या बाजूने आलेल्या हेन्री नावाच्या पाद्र्याने, लॅटिनमध्ये. सक्कालाचा म्होरक्या लेंबितू 1217च्या लढाईत पडला, हेही त्याच्याच बखरीतून कळतं. म्हणजे तिथला मुलूख जिंकणाऱ्याच्या लेखणीत उरला. पुनक विषय उरला तो दानाच्या कागदपत्रात, खरं तर तांब्याच्या पत्र्यात. राजाची स्तुती आणि स्वारीचा उल्लेख वगळला तर लढाई नाही, म्होरक्या नाही. कुणाचं शेत कुठे संपतं एवढीच काळजी. इतिहासाच्या हौशी माणसाला हे रुक्ष वाटेल. मला तरी बखरीपेक्षा हा पुरावा भरवशाचा वाटतो, कारण हद्द खोटी लिहिली तर शेजारचं गाव गप्प बसत नाही.

राष्ट्रकूट गेले, यादव गेले. विषय जाऊन परगणा आला, परगण्याचा तालुका झाला. गावं मात्र जागची हलली नाहीत. बोपखेलची पश्चिम हद्द तर अजून बोचते. दापोडीकडे जाणारा रस्ता लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून जात असे. 2015 साली तो बंद झाला आणि गावकऱ्यांना शहरात यायला लांबचा वळसा पडू लागला. उरली दक्षिणेची मुळा. म्हणून मागणी झाली ती तिच्यावर पूल बांधण्याची.