खेळांतील विसांव्याचा नियम



कवठे महांकाळ तालुका हा सांगली जिल्ह्याचा पर्जन्यछायेंतील भाग. म्हैसाळ योजनेनें कृष्णेचें पाणी उचलून या बाजूस आणलें जातें. परंतु ज्याच्या शेतापर्यंत तें पोहोंचत नाहीं, त्याची सारी भिस्त विहिरीवरच असते. अशा विहिरीच्या धन्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. उपसा फार झाला कीं विहीर तळ गाठते. मग कितीहि घाई असली तरी थांबणें प्राप्त होतें. रात्रभरांत खडकांतून पाझर सुटतो आणि पहाटेस पुन्हा थोडें पाणी चढलेलें दिसतें. किती उपसावें, केव्हां थांबावें आणि थांबल्यानें काय परत मिळेल, या तीन प्रश्नांवर त्याचा संसार चालतो. आज मी आपल्याशीं बोलणार आहें तें याच तीन प्रश्नांविषयीं; मात्र ते शेतांतील नव्हेत, खेळांतील.

अलीकडे पुष्कळ घरांतून तरुण मंडळी एक निराळाच बैठा खेळ खेळूं लागली आहेत. टेबलाभोंवतीं चारपांच जण बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो व एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. पात्रानें काय करावें हें खेळणारा ठरवितो. तें साधलें कीं फसलें हें फांसे ठरवितात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा आद्य खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं रचला. तो 1974 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत घाव बसला कीं पात्राचें प्राणबळ घटतें, मंत्र वापरला कीं मंत्रांचा सांठा उणा होतो. ही झीज भरून कशी यावयाची? 2014 सालच्या पांचव्या आवृत्तीनें दोन विसांवे सांगितले आहेत : एक निदान एका तासाचा लहान, दुसरा निदान आठ तासांचा मोठा. मोठ्या विसांव्यानें गेलेलें प्राणबळ पूर्ण भरून येतें व मांत्रिकाचे मंत्रहि परत मिळतात. असा विसांवा चोवीस तासांत एकदांच घेतां येतो.

नियम वाचावयास सोपा आहे. पण त्यांत एक खोंच आहे. खेळांतील आठ तास सरावयास बोलणाराला एक वाक्य पुरतें. तेव्हां चतुर खेळाडू पहिल्याच चकमकींत सारे मंत्र उधळतो आणि म्हणतो, ‘आम्ही येथेंच झोंपतों.’ दुसरे दिवशीं पुन्हा तोच क्रम! जें फुकट परत मिळतें तें जपून कोण वापरील? आणि जेथें जपावें लागत नाहीं, तेथें शौर्यालाहि मोल राहत नाहीं.

आतां आपल्या हुतूतूकडे पाहूं. 1921 सालीं साताऱ्यास या खेळाच्या नियमांची चौकट बांधण्यांत आली. तींत संजीवनी व गामिनी या पद्धतींचा मेळ घातला होता. 1923 सालीं एका समितीनें तींत सुधारणा केल्या. संजीवनींत बाद झालेला गडी आपल्या संघानें प्रतिपक्षाचा गडी बाद केला म्हणजे परत येतो. गामिनींत सारा संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावें लागतें. तिसरी अमर पद्धत. तींत गडी बाहेर जातच नाहीं, प्रतिपक्षाला केवळ गुण मिळतो. खेळ एकच, परंतु गेलेलें बळ परत मिळण्याचा नियम पालटतांच त्याचा स्वभावहि पालटतो. गामिनींत एक चूक दीर्घकाळ भोंवते, अमरांत ती लगेच विसरली जाते. संजीवनींत मात्र गेलेला सोबती परत आणण्यासाठीं उरलेल्यांना धाडस करावें लागतें. आजच्या कबड्डीनेंहि हेंच तत्त्व ठेविलें आहे. इतकेंच नव्हे, तर बोनसचा गुण मिळाला तरी त्यानें बाद गडी परत येत नाहीं.

येथें विसांवा घड्याळावर मोजलेला नाहीं. तो कृतीनें मिळवावा लागतो. 2013 सालच्या ‘थर्टींथ एज’ या पाश्चात्य खेळांत असाच विचार आढळतो. तेथें साधारण चार लढायांनंतर पात्रें पूर्ववत् होतात. त्याआधीं विसांवा हवा असेल तर कथेंत कांहींतरी हानि सोसावी लागते.

हें ध्यानांत घेऊन मीं घरच्या मुलांसाठीं एक लहानसा खेळ रचला. अवर्षणाचें वर्ष, अग्रणी नदीच्या कोरड्या पात्रानें चार माणसें गांवाकडे निघालीं आहेत, त्यांतील एक आजारी. जवळ बारा घागरी पाणी, आणि रोज माणशीं एक घागर खर्च. वाटेंत एक विहीर लागते. तेथें मुक्काम केला तर थकवा जातो आणि रात्रभरांत पाणी पाझरतें. पहिल्या खेपेस मीं पाझर चार घागरींचा धरला, आणि तेथेंच फसलों. खर्च चार, आवक चार! मुलें विहिरीपाशीं बसलीं तीं उठेनातच. त्यांचें चुकलें नव्हतें, माझा नियमच चुकला होता.

दुसऱ्या खेपेस पाझर दोन घागरींवर आणला. आतां चालत राहिलें तर पाणी तीन दिवस पुरतें, विहिरीपाशीं थांबलें तर सहा दिवस. थांबणें लाभाचें, पण फुकट नाहीं. लगेच वाद सुरू झाला. आजाऱ्याला एक दिवस विसांवा द्यावा कीं नाहीं? त्याच्या विसांव्याची किंमत इतरांनीं कां मोजावी? अखेरीस घरांतील सर्वांत धाकट्या मुलीनें निर्णय दिला, ‘आपण थांबूं. माझ्या वांट्याची अर्धी घागर त्याला द्या.’ त्या क्षणीं फांसे कोणाच्याच हातांत नव्हते. तरी खेळ रंगला तो तेथेंच.

म्हणून खेळ रचणाराला मी इतकेंच सांगेन : विसांवा द्यावा, कारण त्यावांचून माणूस पुढें चालूं शकत नाहीं; पण त्याचें मोल आधीं ठरवावें, आणि तें मोल कोण भरणार हें खेळणारांनाच ठरवूं द्यावें. अंक मांडून बेरीज-वजाबाकी करून पाहावी; आवक आणि खर्च बरोबर झाले तर खेळ थिजतो, आवक अगदींच नसेल तर खेळणाराचा धीर खचतो. या दोहोंच्या मधली जागा शोधणें हेंच रचनाकाराचें काम. विहिरीचा धनी तें रोज पहाटे वांकून पाहतो; आपण तें कागदावर पाहावें, एवढाच काय तो फरक.