घरातून गोठ्यात वीज नेताना

भोर-वेल्ह्याकडे गोठा घरापासून थोडा लांब असतो, आणि त्याची वीज बहुतेकदा घराच्या खिडकीतून निघालेल्या एका वायरीवर चालते. मधे बांबूचा टेकू, जोडावर चिकटपट्टी. आषाढातला पाऊस त्या पट्टीत शिरतो.

आधी भार मोजा. दोन बल्ब वेगळे, कडबाकुट्टी वेगळी. 2 अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालताना 12 अँपिअरच्या आसपास ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. 40 मीटरवर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत चालू मोटरलाच साधारण 7 व्होल्ट गळतात. सुरू होताना मोटर गुरगुरते, तापते. 4 चौरस मिलिमीटरची घ्यावी. घराचा मंजूर भार पुरत नसेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा.

केबल आर्मर्ड, अडीच फूट खोल, वर वाळू आणि विटा. गोठ्यात वेगळा मेन स्विच, स्वतंत्र अर्थिंग, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. न्यूट्रल आणि अर्थ तिथे एकत्र जोडू नयेत.

हा खर्च जनावरासाठी आहे. शेणामुताने ओल्या जमिनीवर उभ्या गाईच्या पुढच्या-मागच्या पायांत मोठं अंतर असतं, त्यामुळे जमिनीत उतरलेला करंट माणसाला जेमतेम जाणवेल तिथे तिचा जीव जातो. दावणीचा लोखंडी पाइपही म्हणूनच अर्थिंगला जोडावा.

आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबावं. खटका पडला नाही, तर तो त्याच दिवशी बदलावा.